निळ्या माध्यमावरचे नारिंगी वलय: एका चाचणीचा इतिहास

भारतातील अनेक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांत निळ्या माध्यमाची पेट्री डिश पाहायला मिळते. मातीतून वेगळे केलेले जिवाणू तिच्यावर वाढतात आणि काही वसाहतींभोवती नारिंगी वलय उमटते. विद्यार्थी वहीत नोंद करतो, ‘सिडेरोफोर आढळले’. ही नोंद कितपत खरी, हे ठरवण्यासाठी त्या निळ्या रंगापर्यंत पोहोचायला लागलेल्या पाऊणशे वर्षांकडे वळून पाहावे लागते.

पृथ्वीच्या कवचात लोह विपुल आहे, तरी जिवाणूंच्या वाट्याला ते फारसे येत नाही. हवेच्या सान्निध्यात लोह फेरिक रूपात जाते आणि उदासीन पाण्यात ते रूप जवळजवळ विरघळत नाही. अशा एक लिटर पाण्यात मुक्त फेरिक आयन असतात सुमारे सहा लाख. ई. कोलायच्या एकाच पेशीला वाढून दुभंगण्यासाठी लागणारे लोहअणूही लाखांच्याच घरात असतात. म्हणजे लिटरभर पाण्यात जेमतेम एका जिवाणूची सोय! म्हणून अनेक जिवाणू आणि बुरशी लोहाला घट्ट धरणारे लहान रेणू बाहेर सोडतात आणि लोहासह ते पुन्हा पेशीत घेतात.

या रेणूंची पहिली चाहूल लोहाचा उल्लेखही न होता लागली. १९१२ मध्ये ट्वॉर्ट आणि इन्ग्रम यांना गुरांच्या जोन्स रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला, तो माध्यमात त्याच कुळातील इतर जिवाणूंच्या मृत पेशी मिसळल्यावर. त्या पेशींतील आवश्यक द्रव्य १९४९ मध्ये वेगळे झाले आणि त्याला मायकोबॅक्टिन हे नाव मिळाले. १९५२ मध्ये जे. बी. नीलँड्स यांनी काणी रोग पाडणाऱ्या बुरशींपैकी एकीतून फेरिक्रोम हे लोहयुक्त द्रव्य स्फटिकरूपात मिळवले. ‘लोहवाहक’ अशा अर्थाचे सिडेरोफोर हे नाव मात्र लँकफर्ड यांनी १९७३ मध्ये दिले.

हे रेणू ओळखायचे कसे, हा प्रश्न अवघड होता, कारण त्यांची रासायनिक घडण एकसारखी नसते. काहींत कॅटेकॉल गट लोहाला धरतो, काहींत हायड्रोक्झॅमेट. कॅटेकॉलसाठी अर्नो यांची १९३७ ची चाचणी वापरली जाई. ती मुळात डोपा आणि टायरोसिन यांच्या मिश्रणासाठी होती. हायड्रोक्झॅमेटसाठी चाकी यांची १९४८ ची पद्धत होती; तीही बद्ध हायड्रॉक्सिलअमाइन मोजण्यासाठी रचलेली. दोन्ही चाचण्या उसन्या होत्या आणि प्रत्येक चाचणीला आपापला गटच दिसे. दोहोंत न बसणारा रेणू समोर असूनही निसटून जाई.

१९८७ मध्ये श्विन आणि नीलँड्स यांनी प्रश्नच बदलला. रेणूची घडण काय, हे न विचारता तो लोह ओढून घेतो का, एवढेच त्यांनी विचारले. क्रोम अझुरॉल एस हे रंगद्रव्य, फेरिक लोह आणि एक पृष्ठसक्रिय द्रव्य यांचे संयुग गडद निळे असते. अधिक बळकट बंधक आला की लोह त्याच्याकडे जाते आणि मोकळे झालेले रंगद्रव्य नारिंगी दिसते. महागड्या उपकरणाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी उत्तर मिळू लागले. शिकाऊ प्रयोगशाळांना हा विषय खुला झाला, तो या चाचणीमुळे.

तथापि या सोपेपणातच चुकीचे बीज आहे. लोह कोणी ओढले, हे वलय सांगत नाही. सायट्रेटसारखा साधा बंधकही रंग फिकट करू शकतो; माध्यमातील जास्तीचे फॉस्फेट किंवा जिवाणूने सोडलेले आम्लही रंग बदलते. उलट, ते पृष्ठसक्रिय द्रव्य अनेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना व बुरशींना विषारी असते. ते वाढलेच नाहीत तर वलय कोठून येणार? काचपात्रांना चिकटलेले लोहदेखील निकाल बिघडवते; म्हणून ती आधी आम्लाने धुतात.

हा काटेकोरपणा प्रयोगवहीपुरता नाही. १९८० मध्ये क्लोपर आणि सहकाऱ्यांनी मुळांजवळच्या स्यूडोमोनासचे सिडेरोफोर रोगकारकांना लोहापासून वंचित ठेवून पिकाची वाढ सुधारतात, असे दाखवले. देशातील चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनींत पिकांची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. तेथे उपयोगी जिवाणू निवडण्याची पहिली पायरी अनेकदा हेच नारिंगी वलय असते. ते शेवटची पायरी मानले, तर चुकीच्या निवडीची किंमत शेतात मोजावी लागते.

म्हणून नियंत्रण डिश, न पेरलेल्या माध्यमाशी तुलना, माध्यमात लोह वाढवल्यावर वलय घटते का याची पडताळणी आणि त्यानंतर अर्नो व चाकी यांच्या जुन्या चाचण्या, असा क्रम आवश्यक ठरतो. वलय दिसताच वहीत लिहिण्याजोगे वाक्य एवढेच: ‘लोह काढून घेणारे काहीतरी येथे असावे, ते कोणते, हे अजून शोधायचे आहे.’