इतवारीची बरणी व झिलईची निवड

नागपुरांत वारांवरून नांव पडलेल्या वस्त्या अनेक. बुधवारी, मंगळवारी, शनिवारी ह्या परिचित आहेतच. त्यांपैकीं इतवारी ही व्यापाराची जुनी पेठ. या पेठेंत पाण्याचा माठ आणि लोणच्याची बरणी हीं दोन्ही नित्याचीं भांडीं होत. माठ पाझरतो म्हणून उपयोगी, बरणी पाझरत नाहीं म्हणून उपयोगी. या भेदाचें मुख्य कारण झिलई. जुन्या खापरांच्या नादानें कोणी संग्राहक स्वतः भट्टी लावूं पाहील, तर त्याच्या मनांत पहिला प्रश्न रंगाचा उभा राहतो. आमच्या मतें तो प्रश्न तिसरा आहे. पहिला भट्टीचा, दुसरा मातीचा.

नागपूरच्या आसमंतांत फार जुनीं भांडीं शिळावर्तुळांखालीं सांपडतात. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाटचीं शिळावर्तुळें पाहून परततांना १८६३ सालीं नाल्याच्या पुरांत बुडून वारले. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालयही त्याच सालचें. पुढें टाकळघाट-खापा येथें १९६८-६९ त आणि माहुरझरी येथें १९७०-७२ त उत्खननें झालीं. तेथील काळ्या-तांबड्या भांड्यांपैकीं कित्येक इतकीं तुळतुळीत आहेत कीं नवशिका त्यांस झिलईचीं समजतो. तें खरें नव्हे. अर्धवट वाळलेलें भांडें गोट्यानें घोटलें म्हणजे मातीचे बारीक कण सपाट बसतात व चकाकी येते. झिलई ही मातीवर वितळून बसलेली कांच होय. खापराची ताजी तुटलेली कड भिंगाखालीं धरावी. झिलई असल्यास कांचेचा थर निराळा दिसतो, घोटलेल्या भांड्यांत दिसत नाहीं.

झिलई नव्हती यावरून आमच्या कुंभारास अज्ञानी ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. त्याचा आवा उघडा. गोवऱ्या व काटक्या यांची आंच साधारणपणें ७०० ते ९०० अंश सेंटिग्रेड. त्यांत मडकीं एकमेकांस टेकून रचलेलीं असतात. अशा आव्यांत झिलई लावली तर ती वितळतांच मडकीं एकमेकांस चिकटतील आणि राख वर बसेल ती निराळीच. शिवाय गिऱ्हाइकास पाहिजे होतें थंड पाणी, व तें पाझरण्यावांचून मिळत नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. झिलईचा मुख्य घटक गारेची पूड. ती एकटी वितळण्यास १७०० अंशांवर ताप लागतो. म्हणून सोडा, टांकणखार, चुना किंवा शिसें मिसळून तो उतरवावा लागतो. शिशाची झिलई हजार अंशांच्या आंत वितळते, चमकते, व चुका झांकून घेते. नवशिक्यास तिचा मोह पडतो तो येथेंच. परंतु लोणच्यांतील आंबट रसानें शिसें सुटून अन्नांत उतरतें. हिरव्या रंगासाठीं तींत तांबें घातल्यास तें अधिकच सुटतें. शोभेची वस्तु असेल तर एक वेळ चालेल. बरणीला ती कदापि लावूं नये, आणि जुन्या हिरव्या भांड्यांत अन्न ठेवण्याची हौसही संग्राहकानें आवरावी.

तेंच तांबें सोड्याच्या झिलईंत फिरोजी निळें होतें. सिंधच्या कबरींवरील व मशिदींवरील फरशांत हा रंग प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कलाशाळेंत टेरी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुंभारकामाचा कारखाना चालविला, तो या सिंधी परंपरेच्या आधारानेंच. नक्षी मात्र अजिंठ्याच्या चित्रांवरूनही घेतली.

टिकाऊ बरणीस याहून मोठी आंच लागते, सुमारें १२०० अंश व वर. नागपूरच्या आसपासची लोहयुक्त तांबडी माती तेथपर्यंत तग धरीत नाहीं. ती वांकते, फुगते. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळशाच्या पट्ट्यांत मात्र उच्च ताप सोसणारी माती मिळते. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनीं १९५५ सालीं भद्रावती येथें ग्रामोदय संघ स्थापन केला व कुंभारकामास नवें वळण दिलें. जागेची ही निवड आम्हांस फार उद्बोधक वाटते.

नवशिक्यानें आधीं भांडें झिलईवांचून भाजावें. त्याच मातीच्या दहा-बारा चकत्या करून त्यांवर मिश्रणें पाहावीं; प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक घालावा व वहींत प्रमाण, थराची जाडी आणि आंच टिपावी. आंच डोळ्यांनीं ठरवूं नये. जर्मन रसायनज्ञ झेगर यांनीं काढलेले शंकु ठराविक तापांत वांकतात. ते भट्टींत ठेवावे. भांड्याचा तळ पुसून कोरा ठेवावा, नाहींतर तें फळीस चिकटतें. भट्टी पूर्ण निवल्यावांचून उघडूं नये.

एक गोष्ट विक्रेत्यांच्या बोलण्यामुळें सांगणें भाग आहे. झिलईवर बारीक जाळी दिसली कीं बरणी जुनी, असा समज आहे. निवतांना झिलई मातीपेक्षां अधिक आकसली तर जाळी पडते. ती भट्टी उघडल्या दिवशींही पडते, वर्षांनींही पडते. वयाचा अंदाज करावयाचा तर बरणी आधीं उलटी करावी. तळास झिलई नसते, तेथें मूळ माती उघडी दिसते. ती तांबडी व सच्छिद्र आहे कीं पांढुरकी व दगडासारखी घट्ट, तें पाहून मगच किंमतीची गोष्ट काढावी.