घरातला कापूस: एका आगीचा घटनाक्रम

आधी सहा महिने

2022 च्या हंगामात खानदेशात चोपडा, धरणगाव, पारोळ्यापासून शिंदखेडा, शिरपूरपर्यंत कितीतरी शेतकऱ्यांनी वेचलेला कापूस विकलाच नाही. आदल्या हंगामात भावानं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. या वेळी व्यापारी आठ हजारांच्या आसपास बोलत होता, पुढे त्याहूनही खाली. लांब धाग्याचा हमीभाव होता 6,380 रुपये, तो कोणी हिशेबातच धरला नव्हता. दहा झाल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरलं आणि कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला गेला. खाटा ओट्यावर आल्या. उन्हाळा लागला तशी घरच्यांच्या अंगाला खाज सुटली, पोरांना पुरळ आलं, तरी कापूस हलला नाही.

पुढचा क्रम कोण्या एका कुटुंबाचा नाही. घरात कापूस भरलेला असताना आग लागली की गोष्टी ज्या ओळीनं घडत जातात, ती ओळ एका घरावर मांडली आहे. घर धाब्याचं, सागवानी सर आणि कड्यांचं. महिना एप्रिल, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया चार दिवसांवर.

आधी पंधरा तास, रात्री 11

लेक आखाजीसाठी माहेरी आली आहे. तिच्या लहान बाळासाठी कूलर मधल्या खोलीत सरकवला. तिथे बोर्ड नाही, म्हणून पुढच्या खोलीतून जोडवायर ओढली. ती कापसाच्या ढिगावरून गेली, कारण दुसरी वाटच नव्हती. वायरीला मध्ये एक जोड, त्यावर चिकटपट्टी. मार्चमध्ये फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा कोणीतरी त्यात जाड तार घातली होती. त्यानंतर तो उडाला नाही. उडायला हवा होता.

आधी सहा तास, सकाळी 8

नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. ओट्यावर दोन टाक्या आहेत, त्यातली एक अर्धी. स्वयंपाकघरात सांजोऱ्यांची तयारी.

आधी एक तास, दुपारी 1

पारा 43 वर. गल्ली सुनी. म्हातारे आबा आतल्या खोलीत झोपलेले, बाकीचे जिथे सावली तिथे आडवे. सैल जोडातून वीज वाहते तेव्हा जोड तापतो. चिकटपट्टी मऊ होते, मग वितळते.

दुपारी 2 वाजून 5 मिनिटं

ठिणगी. कापसाची आग आधी वरवर धावते. सुट्या तंतूंवरून ज्वाळ काही क्षणांत ढिगाच्या या टोकापासून त्या टोकाला जाते. तो भडका बसला की माणसाला वाटतं विझली. खरं तर ती आत उतरलेली असते.

2 वाजून 9 मिनिटं

लेकीला वासानं जाग येते. ती बाळ उचलते आणि मागच्या दारानं बाहेर पडते. घराला मागचं दार आहे आणि ते आज उघडं आहे, एवढ्यावर सगळं अवलंबून होतं. 3 एप्रिल 2024 ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणारी एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या, धूर पोचला होता. इथे गल्लीतली दोन पोरं मागच्या दारानं आत शिरून आबांना खांद्यावर घालून आणतात. हे सर्वात मोठं काम झालं, आणि ते झालं याबद्दल पुढे कोणी फारसं बोलणार नाही.

2 वाजून 15 मिनिटं

"कापूस बाहेर काढा रे भो!" अख्खी गल्ली ओरडते. वर्षाची कमाई समोर जळतेय, तेव्हा पाय आत ओढले जाणारच. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण हीच वेळ माणसं होरपळण्याची. घरची बाई मात्र आधी रेग्युलेटर बंद करते आणि सिलिंडर मागच्या अंगणात ओढते. शेजारचा पोरगा खांबावरून वीज तोडायला वायरमनला फोन लावतो. वीज तुटेपर्यंत पाणी मारायचं नाही, हे ओरडून सांगणारा एक शहाणा माणूस गर्दीत असतो.

2 वाजून 40 मिनिटं

फवारणीचे ट्रॅक्टर येतात. ग्रामपंचायतीकडे बंब नाही. तो तालुक्याच्या नगरपालिकेतून निघाला आहे.

3 वाजून 20 मिनिटं

बंब पोचतो. धाब्याची माती कड्यांवर जड झालेली. कड्या जळतात आणि छत आत बसतं.

रात्री 9

कापसाच्या ढिगात पाणी वरून मुरत नाही. दाताळ्यानं ओढून, पसरून, पुन्हा भिजवावं लागतं. पोरं आळीपाळीनं जागतात. कुटुंब मराठी शाळेच्या वर्गात. भाऊबंदांकडून भाकरी, खिचडी, दोन लुगडी, बाळाची झबली येतात.

दुसरा दिवस, सकाळी 10

तलाठी पंचनाम्याला येतात. या तासावर थांबलं पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 साठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000 रुपये, डोंगराळ भागात 1,30,000. कपड्यांना कुटुंबामागे 2,500, भांड्यांना 2,500. आणि कापूस? तीस क्विंटल धरला तर आठ हजारांनी 2,40,000 रुपये, घराच्या मदतीच्या दुप्पट. त्याला रकाना नाही. पीक विमा शेतातल्या पिकाचा. कापणीनंतर शेतात सुकायला पसरलेल्या मालाला तो 2023 मध्ये 14 दिवस होता, तेही वादळ, गारपीट, अवकाळीपुरता. सिलिंडरमुळे आग लागली असती तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मालमत्तेला कमाल दोन लाखांची सोय आहे. इथे दोष वायरीचा, आणि मीटरच्या पुढची वायर घरमालकाची.

शेतात उभं पीक गेलं तर ते नुकसान, तेच पीक घरात आणल्यावर गेलं तर ते नशीब, हा भेद मला मान्य नाही. पंचनाम्यात साठवलेल्या शेतमालाचा रकाना हवा, आणि त्यापुढे रक्कमही हवी.

दुसरा दिवस, दुपारी 4

बायका राख चाळायला बसतात. सोनं वितळायला हजार अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून मणी, फुलं बहुतेकदा सापडतात, काळवंडलेली. नोटांचं तसं नाही. करपून कोळसा झालेल्या नोटा गावच्या बँकेत बदलत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्या लागतात. म्हणजे मुंबई किंवा नागपूर.

पाचवा दिवस

आखाजी. घागर शाळेच्या व्हरांड्यात भरली जाते. लेक सासरी परत जायला तयार नाही.

दुसरा आठवडा

कागद. सातबारा ऑनलाइन निघतो, आधार पुन्हा छापून मिळतं. धाकट्याच्या दहावीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत नाशिकच्या विभागीय मंडळातून आणायची आहे. सोसायटीचं पीककर्ज मात्र एकाही कागदाशिवाय उभं आहे.

जून

मागच्या भिंतीला टेकवून पत्र्याची एक खोली झाली. पक्की वायरिंग, नवा फ्यूज, आत खाटा. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट 2023 च्या या साली 853 रुपयांना. थोरला म्हणतो, पहिल्या वेचणीचा कापूस थेट गाडीत, भाव काहीही असो. धाकटा विचारतो, मग भाव पडलेलाच घ्यायचा का दर साली? सोयाबीन, तूर, मका बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज मिळतं, तसं कापसाला का मिळत नाही? पणन मंडळाच्या तारण योजनेच्या यादीत कापूस नाही. थोरल्याकडे याचं उत्तर नाही. पाकिटं तेवढीच घ्यायची की दोन कमी, यावर आबांचं मत अजून यायचं आहे.