संपाच्या इतिहासात खाणावळ कुठे आहे?

आमच्या लालबागच्या चाळीतल्या घराने काय काय पाहिलं! पणजोबांनी १९२८चा सहा महिन्यांचा संप काढला. आजोबांनी १९४६च्या नाविक उठावातला परळचा गोळीबार पाहिला, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या हाकेवर वडील गिरणीबाहेर पडले, सोबत जवळपास अडीच लाख कामगार.

घर तगलं ते मात्र बायकांच्या खाणावळीवर. संपात उधारी थकायची, तरी गाववाल्यांचं ताट वाढलं जायचंच. प्रेमा पुरव यांनी १९७५ला अशाच खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. कामगारांचे वारस अजून घरांची वाट बघतायत. मंडळी, निदान आजीच्या उधारीची वही तरी जपून ठेवा. आपला इतिहास तिच्यातही आहे.