तबकडीवरचं नाव

मागच्या पावसाळ्यात रोवणीला आम्ही दहा-अकरा जणी बांधीत पऱ्हे लावत गाणं म्हणत होतो. धुऱ्यावर उभ्या असलेल्या गावच्याच एका पोराने ते मोबाईलमध्ये भरून घेतलं. दिवाळीनंतर मंडईत तेच गाणं मोठ्या भोंग्यांतून वाजलं, खाली डीजेचा ठोका लावलेला. गाणं आमचं, आवाज आमचा, नाव मात्र त्या पोराचं. राग आला. पण खरं सांगायचं तर त्या ठोक्यावर आमचेही पाय हलले. म्हणून आज आम्ही यंत्रांवर वाजणाऱ्या संगीताचा आणि ते काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचा इतिहास सांगणार आहोत.

गाणी काढणाऱ्या कंपनीला लेबल म्हणतात. जुन्या काळ्या तबकडीच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर गाण्याचं, गाणाऱ्याचं आणि कंपनीचं नाव. त्या कागदावरून कंपनीलाच लेबल म्हणू लागले. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीसाठी भरलं गेलं. पुढे कित्येक वर्षं, भोंग्यापुढे कुत्रा बसलेलं चित्र ज्यांच्या तबकडीवर असे, त्या एच.एम.व्ही.चाच दबदबा होता. कोणाचं गाणं घराघरांत जाणार, हे बरंचसं तिथे ठरे.

मुंबईत चरणजितसिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ते वाजवत, लग्नसमारंभातही वाजवत. त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची यंत्रं आणली. एक यंत्र ढोलकासारखा ठोका देई, दुसरं खालचा जाड सूर धरी, तिसऱ्यावर पेटीसारखी बोटं चालवून राग वाजवायचा. १९८२ साली त्यांनी भैरवी, यमन, मालकंस, भूपाळी असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. एच.एम.व्ही.ने तबकडी काढली. पण ती चालली नाही. लोक विसरले.

तिकडे अमेरिकेतल्या शिकागो शहरात वेगळंच घडत होतं. जाड सुराचं तेच यंत्र, टीबी-३०३, बाजारात पडलं होतं. रोलँडने ते बनवणं बंद केलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या काळ्या समाजातल्या तरुणांनी ती घेतली. १९८७ साली फ्यूचर नावाच्या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी ट्रॅक्स रेकॉर्ड्स या छोट्या लेबलने काढली, आणि त्या संगीताला 'ॲसिड हाउस' हे नाव पडलं. चरणजितसिंगांनी तशाच यंत्रांवर तसाच नाद पाच वर्षं आधी मुंबईत काढला होता.

अशा छोट्या लेबलांना भूमिगत म्हणतात. पोलिसांपासून लपलेली म्हणून नव्हे. मोठ्या बाजाराच्या खाली, आपल्या आपल्या माणसांत ती चालतात. थोड्या तबकड्या काढायच्या, त्या विकल्या की त्याच पैशांतून पुढच्या काढायच्या. आपल्या बचत गटाचा पैसा फिरतो तसंच हे.

२००२ साली एडो बाउमन या डच माणसाला चरणजितसिंगांची ती जुनी तबकडी सापडली. जुनं हिंदी सिनेसंगीत गोळा करण्याचा त्याला नाद होता. त्याने मुंबईत येऊन चरणजितसिंगांना शोधून काढलं. 'बॉम्बे कनेक्शन' हे त्याचं छोटं लेबल होतं. २०१० साली त्याने ती तबकडी पुन्हा काढली, आणि जगभर तिची चर्चा झाली. सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग परदेशात जाऊन तरुणांपुढे वाजवू लागले. २०१५ साली ते मुंबईत वारले. मोठ्या कंपनीने काढून विसरलेलं काम एका छोट्या लेबलने वर आणलं. आणि माणूस सापडला, कारण तबकडीवर त्याचं नाव होतं.

पण लेबल छोटं आहे म्हणून ते चोख असेलच असं नाही, बायांनो. शिकागोतही आपले पैसे मिळाले नाहीत म्हणून काही कलाकारांना कोर्टात जावं लागलं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क राहतो. गाणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा असतो. तुमचं गाणं भरून विकायचं तर तुमची संमती लागते. २०१२ साली कायद्यात बदल होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटाही पक्का झाला.

मंडई झाल्यावर आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. तो म्हणाला, "काकू, कोण कोण गात होतं ते मला माहीतच नव्हतं." आम्ही त्याला अकरा नावं लिहून दिली. ज्या आजीकडून गाणं शिकलो तिचंही नाव दिलं. आता गाण्याखाली ती बारा नावं आहेत. ठोका आम्ही तसाच राहू दिला.

आता आमच्या गटाच्या वहीत एक नवं पान आहे. गाणं कोणतं, कोणी म्हटलं, कोणाकडून शिकलं, कधी भरलं. मोबाईल सुरू झाला की आधी नावं सांगायची, मग गायचं. तुमच्या वहीतही असं एक पान करा, आणि यंदाच्या रोवणीपासूनच लिहायला लागा.