तळटीप : हिमाखालील खनिजसंपत्तीविषयी
अंटार्क्टिकातील दगडी कोळसा ही कल्पित गोष्ट नव्हे. १९०८ साली शॅकल्टनच्या तुकडीस बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याकडे तो प्रत्यक्ष आढळला, आणि ज्या गोंडवन महाभूखंडाच्या प्राचीन अरण्यांपासून तो निर्माण झाला त्यांचाच वारसा वणी-चंद्रपूरच्या खाणींत आजही हाती लागतो. तथापि सुमारे ९८ टक्के बर्फाच्छादित अशा त्या मुलखातील साठ्यांचे आकडे बहुतांशी अनुमानच होत. शिवाय १९९१च्या माद्रिद कराराच्या सातव्या कलमान्वये शास्त्रीय संशोधनाखेरीज सर्व खनिजव्यवहारांस मनाई आहे, आणि आमच्या मते ती सर्वथा योग्य आहे. ती २०४८ साली आपोआप संपुष्टात येईल हा प्रचलित समज निराधार होय; तेव्हापासून कराराच्या फेरविचारासाठी परिषदेची मागणी मात्र करता येईल. — संपादक