चार बांध आणि एक कर्ण

आमच्या बिरवाडीकडे भावाभावांत शेताची वाटणी निघाली की आधी दोरी बाहेर येते. दोन्ही तुकड्यांचे चारही बांध सारखे भरले की थोरला म्हणतो, "झालं, बरोबरीचे हिस्से." धाकट्याला ते पटत नाही. त्याचा तुकडा त्याला तिरका, चेपलेला दिसतो. पण नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही.

धाकट्याचं म्हणणं खरं असू शकतं. भास्कराचार्यांनी ते ११५० मध्येच 'लीलावती'त मांडून ठेवलं आहे. तिथे चारही बाजू २५ असलेल्या चौकोनाचं उदाहरण आहे. कोन काटकोन असतील तर क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० आणि ४० असतील तर ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर अवघं ३३६. बांध तेवढेच, जमीन जवळपास निम्मी! म्हणूनच कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी पिशाच म्हटलं, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच.

असं का होतं? चार बांबूंची चौकट ढकलली की कलते; तिच्यात एक तिरका बांबू ठोकला की हलत नाही. तीन बाजूंनी त्रिकोण पक्का ठरतो, चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. तो तिरका बांबू म्हणजे कर्ण.

आकृतीची ओळख तिच्या दिसण्यावरून नव्हे, तर तिच्या बिंदूंवरून, रेषांवरून आणि कोनांवरून करायची, ही शिस्त ग्रीक गणिती युक्लिडने घालून दिली. त्याने त्रिकोणांचे बाजूंवरून तीन आणि कोनांवरून तीन प्रकार केले. चौकोनांत चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज हे वेगळे काढले आणि उरलेल्यांना एकच नाव दिलं.

हा ग्रंथ बगदादमध्ये अरबीत आला. १२४८ मध्ये नसिरुद्दीन तुसी यांनी त्याची अरबी आवृत्ती नव्याने सिद्ध केली. तिच्यावरूनच अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथांनी संस्कृतात 'रेखागणित' रचलं, आणि ते मुंबईत १९०१-०२ मध्ये छापलं गेलं. उलट दिशेने, अकबराच्या आज्ञेवरून फैजींनी १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत नेली. यातलं किती 'आपलं' आणि किती 'त्यांचं', हा हिशेब मांडायला बसलं तर रेघ कुठे ओढणार?

'आयत' हा शब्दच बघा. आमच्या घरात आयत म्हणजे कुराणातलं वचन. शाळेत आयत म्हणजे चार काटकोनांचा चौकोन. पहिला अरबी, दुसरा संस्कृत. उच्चार सारखा, मूळ वेगळं. नुसत्या दिसण्यावरून, ऐकण्यावरून नातं ठरवलं की अशी फसगत होते.

आणखी एक गोष्ट. युक्लिडच्या यादीत चौरस आयतात मोडत नव्हता. आजच्या शाळेच्या पुस्तकात मोडतो, कारण आयताची अट एवढीच की चारही कोन काटकोन हवेत. चौरस ती पुरी करतो. त्याच्या चारही बाजू सारख्या आहेत म्हणून त्याला बाहेर काढण्याचं कारण नाही. व्याख्या नीट केली की जो आत बसतो तो आतच असतो, मग तो वेगळा दिसो वा न दिसो.

धाकट्याला मात्र एवढंच सांगायचं आहे: बांधांवर भांडू नकोस. दोरी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला लाव, शेताचे दोन त्रिकोण कर, आणि मग हिस्सा माग.