आरांची फुलं कोणाच्या दिवाणखान्यातली?

आपलं सास्तूर निजामाच्या राज्यात होतं, त्या काळात १९१४ साली हैदराबादजवळच्या बोलारमला कृष्णाजी आरा जन्मले. लहानपणीच मुंबईला आले, लोकांच्या घरी घरगडी म्हणून राबले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. चित्रकला बहुतेक स्वतःच शिकले. पण १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे.

आणि रंगवलं काय? फुलदाण्या आणि स्त्रिया! जलरंगसुद्धा ते तैलरंगासारखे जाड लावत. फुलांची चित्रं म्हणजे दिवाणखान्याची शोभा, असं आपण सहज म्हणून जातो. पण तो दिवाणखाना झाडणाराही फुलं बघत असतो ना? कलेच्या इतिहासात त्याची नजर क्वचितच नोंदली जाते. आरांमुळे ती आपल्याला मिळाली, म्हणून ही चित्रं नुसती शोभेची मानू नयेत.